बोल्टच्या चौकटीत आकडा किती भरू?

गेल्या भागात आपण मेशवर बोललो, आणि त्यानंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. शब्द वेगवेगळे, पण गाभा हा : ताई, ब्रॅकेटचं मॉडेल तयार आहे, चार बोल्ट आहेत, सॉफ्टवेअर बोल्ट प्रीटेन्शनच्या चौकटीत आकडा मागतंय. किती भरू? एकाला तर सल्ला मिळालाय की एवढी कटकट कशाला, सगळं बाँडेड करून टाक आणि रिपोर्ट दे.

आजचा अख्खा भाग त्या एका चौकटीवर. बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हा मजकूर नेहमीसारखा इथे टाकलाय. कागद-पेन घेऊन बसलात तर अजून मजा येईल.

आधी बोल्ट करतो काय, ते बघू. आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात बोल्ट म्हणजे खुंटी असते. दोन प्लेटा आहेत, मधून खुंटी गेली, आता प्लेटा तिच्यावर टांगलेल्या. हे चित्र पुसून टाका. बोल्ट ही स्प्रिंग आहे. खूप ताठ स्प्रिंग, पण स्प्रिंगच. पान्याने नट आवळता तेव्हा बोल्ट लांब होतो आणि मधल्या प्लेटा दबतात. बोल्टला परत आखूड व्हायचंय, प्लेटा मध्ये आहेत म्हणून होता येत नाही, आणि त्या रस्सीखेचीत प्लेटा एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात. हा जो आधीच भरून ठेवलेला ताण, तो प्रीलोड. मराठीत पूर्वताण म्हणता येईल, पण शॉप फ्लोअरवर हा शब्द कोणी वापरत नाही, मीही वापरणार नाही.

ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे बरं का. बैलगाडीचं लाकडी चाक आठवा. त्यावर लोखंडी धाव बसवतात. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात, लोहार ती आगीत लाल करतो, फुगली की चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. धाव आकसते, आणि सगळे आरे आत तुंब्यावर दाबले जातात. चाक रस्त्यावरून चालायच्या आधीच आवळलेलं असतं, म्हणून खड्ड्यात आदळलं तरी सांधे हलत नाहीत. हे पाणी ओतणं लक्षात ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये आपण हेच करणार आहोत.

आता आकडे. एम १२ चा बोल्ट घेऊ, ८.८ ग्रेडचा. डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते वाचता येतं : पहिले ८ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल, आणि पुढचे .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० मेगापास्कलला, बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. आट्यांच्या जागी एम १२ चं प्रभावी क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटर. या बोल्टचा प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न ताणता जेवढा भार त्याने घेतलाच पाहिजे तेवढा, ४८.९ किलोन्यूटन. सर्वसाधारण पद्धत अशी की प्रीलोड प्रूफ लोडच्या ७५ टक्के ठेवायचा. म्हणजे साधारण ३७ किलोन्यूटन. कल्पना यावी म्हणून : चार छोट्या हॅचबॅक गाड्या एका एम १२ बोल्टला लटकवल्या, तर जेवढं वजन होईल तेवढं. आणि हे बाहेरचा भार यायच्या आधी.

दोन प्लेटा मिळून ५० मिलिमीटर जाडी आहे असं धरा. ३७ किलोन्यूटनला हा बोल्ट किती ताणला जाईल? साधारण ०.०९ मिलिमीटर. झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढा. आख्खा जॉइंट या कागदाएवढ्या ताणावर उभा असतो. याच्याकडे आपण परत येऊ, कारण हा कागद झिजतो.

आता खरा प्रश्न. आधीच ३७ किलोन्यूटन ओढलेल्या बोल्टवर बाहेरून आणखी १० किलोन्यूटन ओढ आली, तर बोल्टमध्ये किती होईल? ४७, असं पटकन तोंडात येतं. इंटरव्ह्यूमध्येही बहुतेकांचं उत्तर ४७च येतं. उत्तर आहे साधारण ३९. कारण दबलेल्या प्लेटाही स्प्रिंगच आहेत, आणि बोल्टपेक्षा साधारण चौपट ताठ. बाहेरची ओढ आली की प्लेटांचा दाब कमी होतो आणि बोल्ट थोडा लांबतो. ताठपणाच्या प्रमाणात वाटणी होते : १० पैकी ८ प्लेटांचा दाब सैल होण्यात जातात, २ बोल्टच्या वाट्याला येतात. ही चौपट म्हणजे ढोबळ धरलीय. जाडी, धातू, वायसर यांनुसार ती बदलते, आणि नेमकी किती हे काढायलाच तर आपण सिम्युलेशन करतो.

मग प्रीलोड नसता तर? नट नुसता हाताने लावलाय, असं समजा. आता दाबलेलं काहीच नाही. बाहेरचे १० किलोन्यूटन सगळेच्या सगळे बोल्टवर. तुम्ही म्हणाल, ताई, ३९ पेक्षा १० कमीच की! ८४.३ ने भागलं तर जेमतेम ११९ मेगापास्कल, बोल्ट ६४० ला ताणला जातो, पाचपटीहून जास्त फॅक्टर ऑफ सेफ्टी, टाळ्या.

इथेच गोम आहे. मशीनमध्ये भार एकदा येऊन बसत नाही. येतो, जातो, येतो, जातो. थकवा, म्हणजे फटीग, या ये-जा करणाऱ्या भागावर ठरतो. १० किलोन्यूटन ये-जा करतायत असं धरा. सैल बोल्टमध्ये ताण ० ते ११९ झुलतो, म्हणजे मध्यापासून वर-खाली ५९ मेगापास्कल. आवळलेल्या बोल्टमध्ये फक्त २ किलोन्यूटन झुलतात, म्हणजे वर-खाली १२ मेगापास्कल. आता बोल्टच्या जॉइंटसाठी जगभर वापरली जाणारी जर्मन मार्गदर्शिका आहे, व्हीडीआय २२३०. आटे रोल करून मग हीट ट्रीटमेंट केलेल्या एम १२ बोल्टला किती झुलता ताण लाखो वेळा सोसेल, याचं तिच्यातल्या सूत्राने येणारं उत्तर आहे सुमारे ४९ मेगापास्कल. आणि ही मर्यादा बोल्ट ८.८ आहे की १०.९, याने बदलत नाही. महागडा ग्रेड घेऊन सैल ठेवलात तर काही उपयोग नाही.

म्हणजे बघा : १२ वाला जगतो, ५९ वाला तुटतो. ज्याच्यात ताण जास्त तो टिकला, कमी ताणाचा तुटला. आणि ११९ विरुद्ध ६४० अशी तुलना करणाऱ्या रिपोर्टला हे दिसलंच नाही. सैल झालेला बोल्ट थकून तुटतो तेव्हा लोक म्हणतात बोल्ट कमकुवत होता, मोठा लावा. बरेचदा बोल्ट पुरेसा मोठा असतो. आवळलेला नसतो.

याची किंमत काय असू शकते, त्याचं एक उदाहरण. सायबेरियात येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया नावाचं प्रचंड जलविद्युत केंद्र आहे, ६४०० मेगावॉटचं. १७ ऑगस्ट २००९ रोजी तिथल्या २ नंबरच्या टर्बाइनचं झाकण उडालं. खालून पाण्याचा दाब, २०० मीटरपेक्षा जास्त उंचीचा. जवळपास ९०० टनांचा रोटरसकटचा भाग उचलला गेला, मशीन हॉलमध्ये पाणी घुसलं. ७५ माणसं गेली. ते झाकण स्टडनी बसवलेलं होतं. चौकशीत सापडलेल्या ४९ स्टडपैकी ४१ स्टडमध्ये थकव्याच्या चिरा होत्या. त्यातल्या ८ स्टडमध्ये तर ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्रफळ आधीच गेलेलं होतं. आणि निदान सहा ठिकाणी अपघाताच्या वेळी नटच नव्हते. अपघाताची कारणं अनेक होती, टर्बाइनची कंपनं होती, देखभाल होती, ते सगळं एका बोल्टवर ढकलायचं नाही. पण ४१ स्टडमधली चीर एका रात्रीत आलेली नसते. ती रोज थोडी थोडी आत सरकत असते, आणि बाहेरून नट जसाच्या तसा दिसतो. ज्या स्टडवर नट नाही तो काहीच आवळत नाही. त्याचा वाटा शेजाऱ्यांवर जातो.

आता या सगळ्यानंतर बाँडेड करून टाक या सल्ल्याकडे बघा. बाँडेड म्हणजे सॉफ्टवेअरला सांगायचं की या दोन प्लेटा फेव्हिकॉलने चिकटवल्यात, कधीच सुटणार नाहीत. मग बाहेरची ओढ प्लेटांच्या चिकटलेल्या तोंडांमधून सरळ निघून जाते. बोल्टपर्यंत फारसं काही पोचतच नाही. बोल्ट निळाशार दिसतो. सुंदर दिसतो. फट पडू शकत नाही, घसरू शकत नाही. प्रत्यक्षातली प्लेट उचकटली तर गॅस्केट गळेल, पण मॉडेलमध्ये ती शक्यताच आपण काढून टाकलीय. बाँडेडला माझा सरसकट विरोध नाही. सगळ्या फ्रेमचा ढोबळ ताठपणा बघायचाय, जॉइंट आवळलेलाच राहणार याची खात्री आहे, तर खुशाल करा. पण मग त्या मॉडेलमधून बोल्टबद्दल एक वाक्यही लिहू नका.

बरं, मग नीट कसं करायचं? नाव कुठलंही असो, अँसिस, अबॅकस, कॅल्क्युलिक्स, आतली युक्ती एकच आहे. बोल्टच्या दांड्याला मधोमध एक काल्पनिक काप देतात. कापाचे दोन काठ एकमेकांत ओढून घ्यायचे, जोवर बोल्टमधला ताण तुम्ही सांगितलेल्या आकड्याएवढा होत नाही तोवर. जणू दांड्यातून ०.११ मिलिमीटरचा काप काढून टाकला आणि टोकं पुन्हा जोडली. ०.०९ बोल्टची लांबी वाढली, आणि उरलेले ०.०२ प्लेटा दबल्या. हा काप शक्यतो दांड्याच्या मोकळ्या भागात घ्या. नट जिथे आट्यांना चिकटवलाय त्या भागातून गेला, तर ताण आत शिरायच्या आधीच नटमध्ये गळून जातो.

मग पायऱ्या. पहिल्या पायरीत फक्त ३७ किलोन्यूटन द्यायचे, बाहेरचा भार शून्य. हे झालं नट आवळणं. दुसऱ्या पायरीत बोल्ट लॉक करायचा, आणि मग बाहेरचा भार आणायचा. अँसिसमध्ये त्या तक्त्यात लोडच्या जागी लॉक निवडायचं असतं. अबॅकसमध्ये त्याचा अर्थच असा लिहिलाय की आत्ता जी लांबी आहे तिथे कायम ठेव.

हे लॉक विसरलं तर काय होतं ते ऐका, कारण रिव्ह्यूला येणाऱ्या मॉडेलमध्ये मला सगळ्यात जास्त हेच सापडतं. दुसऱ्या पायरीतही लोडच ठेवलं, म्हणजे तुम्ही सॉफ्टवेअरला सांगितलंत की काहीही होवो, बोल्टमध्ये ३७च पाहिजेत. बाहेरून १० आले, २० आले, सॉफ्टवेअर बिचारं कापाचे काठ मागेपुढे करून ३७ टिकवून ठेवतं. जणू एक अदृश्य फिटर पाना घेऊन बसलाय आणि क्षणाक्षणाला नट सैल-घट्ट करतोय. मग झुलता ताण किती येणार? शून्य. फटीगचं आयुष्य अनंत. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, रंगीत चित्र छान येतं. म्हणून दुसऱ्याचं मॉडेल हातात आलं की मी स्ट्रेसचं चित्र नंतर बघते. आधी प्रत्येक पायरीत बोल्टमधला फोर्स किती आहे, ते विचारते. तो ३७, ३७, ३७ असा सरळ रेषेत असेल तर चहा सांगायचा आणि मॉडेल परत पाठवायचं.

आणि ती लोहाराची पद्धत? काप देण्याची सोय नसेल तेव्हा बोल्टला नकली थंडी देतात. फक्त बोल्टचं तापमान खाली आणायचं, तो आकसतो, प्लेटा आवळल्या जातात. धावेवर पाणी ओतलं तसंच. स्टील प्रत्येक अंशाला दर मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन आकसतं. इथे एक खाच आहे. ५० मिलिमीटरच्या बोल्टला ०.०९ मिलिमीटर हवेत, म्हणून गणित केलं तर उत्तर येतं १५० अंश. तेवढं दिलंत तर बोल्टमध्ये ३७ येणारच नाहीत, ३०च्या आसपास येतील. कारण प्लेटाही दबल्या, थोडं आकसणं तिकडे खर्च झालं. खरं उत्तर १९०च्या आसपास निघतं. सोपा उपाय : एकदा चालवा, किती फोर्स आला बघा, प्रमाणात तापमान वाढवा, परत चालवा. आणि मॉडेलमध्ये खरी उष्णता असेल, इंजिनचा भाग वगैरे, तर ही पद्धत वापरूच नका, खरं आणि नकली तापमान एकमेकांत कालवलं जाईल.

आता मूळ प्रश्न, आकडा किती. आत्तापर्यंत मी ३७, ३७ म्हणतेय, पण शॉप फ्लोअरवर ३७ किलोन्यूटन लिहिलेला पाना मिळत नाही. मिळतो टॉर्क रेंच. ड्रॉइंगवर लिहितात ८८ न्यूटन-मीटर. हे आलं कुठून? टॉर्क म्हणजे प्रीलोड गुणिले बोल्टचा व्यास गुणिले एक गुणांक, तो कोरड्या साध्या बोल्टला ढोबळपणे ०.२ धरतात. ३७ किलोन्यूटन, १२ मिलिमीटर, ०.२, झाले ८८ च्या आसपास.

तुम्ही जो जोर लावता त्यातला साधारण निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो. चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. उरलेला जो दहा टक्के आहे, तो बोल्ट ताणतो. म्हणजे आपण दहा टक्क्यांचं काम मोजतोय, नव्वद टक्क्यांच्या घर्षणातून आरपार बघून. घर्षण जरा बदललं की सगळं कोसळतं. तेच ८८ न्यूटन-मीटर, पण कोणीतरी आट्यांना तेल लावलं आणि गुणांक ०.१५ झाला : प्रीलोड ४९ किलोन्यूटन. बोल्ट नेमका प्रूफ लोडच्या उंबरठ्यावर. गंजलेला, कचरा भरलेला बोल्ट, गुणांक ०.३ : प्रीलोड २४. टॉर्क रेंच तिन्ही वेळा त्याच जागी टिक् करणार. फिटरने तिन्ही वेळा काम बरोबर केलंय. ड्रॉइंगवर तेल लावून की कोरडं, हे लिहिलेलं नाही, हा दोष आपल्या बाजूचा, ऑफिसातल्या बाजूचा.

अगदी चांगल्या परिस्थितीतही नुसत्या टॉर्क रेंचने आवळलेल्या बोल्टचा प्रीलोड ३० टक्के इकडेतिकडे होतो, असं धरून चालतात. मग ३७ म्हणजे २६ ते ४८.

आणि आता तो कागद. पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत वाटतात, पण सूक्ष्म पाहिलं तर डोंगर-दऱ्या असतात. आवळल्यावर पहिल्या काही तासांत, पहिल्या काही धक्क्यांत डोंगरांची टोकं चपटी होतात. सगळी तोंडं मिळून ०.०१ मिलिमीटर बसलं असं धरा. आपल्या ५० मिलिमीटरच्या जॉइंटमध्ये एकूण ०.११ होते, त्यातले ०.०१ गेले, म्हणजे जवळपास ९ टक्के प्रीलोड गेला. आता तोच एम १२ बोल्ट १५ मिलिमीटर जाडीला लावा. तिथे एकूण ताण आणि दाब मिळून ०.०४ मिलिमीटरच असतो. तेवढंच ०.०१ बसलं की पाव भाग प्रीलोड गेला. लांब बोल्टवाल्या इंजिनाच्या हेडचे बोल्ट उगाच लांब नसतात. पत्र्याला पत्रा आखूड बोल्टने जोडलाय आणि सारखा सैल होतो, तिथे बोल्टखाली जाड नळीसारखा स्पेसर देऊन बोल्ट लांब करतात. बोल्ट तोच, स्प्रिंग लांब झाली.

कोणीतरी मनात म्हणालं असेल, त्यासाठी स्प्रिंग वायसर लावतात ना? लावतात. सवयीने. बोल्ट पूर्ण आवळला की स्प्रिंग वायसर सपाट होऊन साधा वायसर होतो. नासाने १९९० साली फास्टनरच्या डिझाइनवर एक पुस्तिका काढली, तिच्यातही हा वायसर लॉकिंगसाठी कुचकामी ठरवलाय. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवलं की बोल्ट सर्वात लवकर सुटतो तो आडव्या हलण्याने, प्लेटा एकमेकींवर आडव्या घसरायला लागल्या की. म्हणजे परत तिथेच आलो : प्लेटा घसरू न देणं हे काम प्रीलोडचं.

मग चौकटीत काय भरायचं? एक आकडा भरून थांबायचं नाही. मॉडेल निदान दोनदा चालवायचं. एकदा खालच्या टोकाला : २६, त्यातून बसण्याचे सव्वातीन वजा, म्हणजे २३ किलोन्यूटन. या मॉडेलला विचारायचं, फट पडते का, प्लेट घसरते का, बोल्ट किती झुलतो. आणि एकदा वरच्या टोकाला, ४८ ला. त्याला विचारायचं, बोल्ट कायमचा ताणला जातो का, बोल्टच्या डोक्याखालचा धातू चेपतो का. डोक्याखाली अॅल्युमिनियम असेल तर हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. मधला ३७ चा रन बॉससाठी चित्र काढायला ठेवा हवा तर.

फरक किती पडतो बघा. प्लेटांमधलं घर्षण ०.१५ धरलं, तर ३७ ला एक बोल्ट आडवा साडेपाच किलोन्यूटन अडवतो. २३ ला साडेतीनच्या आतबाहेर. तुमचा आडवा भार बोल्टमागे ४.५ असेल तर एका रिपोर्टमध्ये ब्रॅकेट पास आहे आणि दुसऱ्यात ती घसरतेय. सॉफ्टवेअर एकच, मेश एकच, त्या चौकटीतला आकडा वेगळा.

आता दोन-चार फुटकळ गोष्टी, पण त्यांनीच रात्र जाते. पहिल्या पायरीत मॉडेल कन्व्हर्ज होत नाही, ही तक्रार सगळ्यांची. कारण कॉन्टॅक्ट लागायच्या आधी भाग हवेत तरंगत असतात, त्यांना धरणारं कोणी नसतं. म्हणून आधी अगदी थोडा प्रीलोड द्या, शे-दोनशे न्यूटन, भाग एकमेकांना टेकू द्या, मग पूर्ण. फिटरही आधी नट हाताने बसवतो, मग पाना घेतो.

बोल्टच्या डोक्याखालच्या कोपऱ्यात लालभडक ठिपका दिसेल, हजार-दीड हजार मेगापास्कल. मॉडेलमध्ये तो कोपरा धारदार ठेवलाय, तिथली गोलाई काढलेली नाही, म्हणून मेश बारीक कराल तसा तो आकडा वाढतच जातो. त्याच्यावरून काही ठरवू नका. बोल्टमधला एकूण फोर्स घ्या आणि तो हाताने तपासा. आटे मॉडेलमध्ये काढत बसायचीही गरज नसते, बोल्टचा झुलता फोर्स काढून वर सांगितलेल्या ४९ शी तुलना करा.

कापाचे काठ किती सरकले तेही सॉफ्टवेअर सांगतं. आपल्या उदाहरणात ०.११ च्या जवळपास यायला हवं. तिथे दीड मिलिमीटर दिसला तर समजायचं की प्लेटांमध्ये मॉडेलमध्येच फट राहिलीय, आणि तुमचा बोल्ट ती फट मिटवण्यात दमलाय.

आणि क्रम. गाडीची स्टेपनी बदलताना नट एका ओळीने आवळत नाहीत, समोरासमोरचे आवळतात. गोल फ्लँजवर गॅस्केट असेल तर हे फार जाणवतं : पहिला बोल्ट नीट आवळला, मग शेजारचा आवळला, गॅस्केट आणखी दबलं, आणि पहिला आपोआप सैल झाला. सॉफ्टवेअरमध्ये आपण सगळे बोल्ट एकाच क्षणी आवळतो, म्हणून सगळीकडे एकसारखे ३७ दिसतात. असा फ्लँज कधीच कोणी आवळलेला नाही. गळती हाच मुद्दा असेल तर प्रत्येक बोल्टला वेगळी पायरी द्या : पहिला आवळा, लॉक करा, दुसरा आवळा, लॉक करा, आणि शेवटी पहिल्यात किती उरलं ते बघा. वेळ खातं, मान्य आहे. आठ बोल्टला आठ पायऱ्या. पण प्रेशर फ्लँजवर क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि परत एक फेरी मारून आवळायला का सांगतात, ते एकदा स्वतःच्या स्क्रीनवर बघितलं की विसरत नाही. याच विषयावर एएसएमईची पीसीसी-१ ही मार्गदर्शिका आहे, फ्लँजवर काम करणार असाल तर वाचा.

लायसन्स नाही म्हणून थांबू नका. कॅल्क्युलिक्स फुकट आहे, म्युनिकच्या एमटीयू या विमान-इंजिन कंपनीतल्या इंजिनिअरांनी लिहिलेलं, आणि त्यात हा बोल्ट कापण्याचा प्रकार आहे. साध्या लॅपटॉपवर चालतं. पहिलं मॉडेल ब्रॅकेटचं करू नका. दोन गोल चकत्या, मधून एक एम १२, बस्स. पहिल्या पायरीत ३७, दुसऱ्या पायरीत लॉक आणि १० ची ओढ. बोल्टमध्ये ३९ च्या आसपास आलं पाहिजे. मग ओढ वाढवत न्या, २०, ३०, ४०. ४६ च्या आसपास प्लेटा सुटतील, आणि तिथून पुढे ओढीतला प्रत्येक न्यूटन सरळ बोल्टवर जाईल. आलेखावर ती रेघ एका जागी वळते. तुमच्या मॉडेलमध्ये ती कुठे वळली आणि ४६ लाच का नाही वळली, ते मला लिहून पाठवा, आलेखाच्या फोटोसकट. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन आलेख घेऊन बसू.